गादी सरकलीय म्हणे, मग आषाढीला चालत जायचं की गाडीनं?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही कराडचे, वय ४८, बँकेत काउंटरला बसून काम, शुगर बॉर्डरवर. दिवाळीच्या साफसफाईत लोखंडी कॉट एकट्यानं उचलायला गेलात आणि कंबरेत चमक भरली, दोन दिवसांनी कळ उजव्या पायात पोटरीपर्यंत उतरली. आईनं तुमच्या कंबरेत पायाळू माणसाकडून लाथ मारून घेतली, मग एमआरआय झाला, त्यात एल४-एल५ ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीला फुगवटा (डिस्क बल्ज) आणि नस दबलीय असं आलं. मग सहा आठवडे पडून राहिलात, दिवसभर पट्टा, फळीवर झोपणं, आणि कुणीतरी सांगून ठेवलंय की आयुष्यभर वाकायचं नाही, टू-व्हीलर बंद, वारी तर विसराच. आता कळ निम्म्यानं कमी आहे पण दहा-बारा मिनिटं चाललं की पोटरी ओढायला लागते. नऊ वर्षं आळंदी ते पंढरपूर चालताय, टाळकरी आहात, आणि विचारताय की यंदा जमेल का.

मी सांगलीत चोवीस वर्षं फिजिओथेरपी करते. माझं मत सांगायचं तर वारी बंद करण्यासारखं तुमच्या लिहिण्यात काही दिसत नाही. पण मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे आधी काही गोष्टी घरीच बघा आणि त्यातली एक जरी असेल तरी पुढचं वाचायच्या आधी डॉक्टर गाठा.

लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, संडासवरचा ताबा जाणं, आणि सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तिथे बधिरपणा, यातलं काहीही झालं तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलला जायचं, कारण तिथे तासांचा हिशोब असतो. दुसरं, अनवाणी टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. उजवं पाऊल टाचेवर उभं राहताना खाली पडत असेल, चप्पल नकळत पायातून सुटत असेल, तर ती ताकद गेलीय, नुसती कळ नाही, आणि ते सर्जनला दाखवायचं. तिसरं, ताप, वजन उतरणं, कूस बदलली तरी रात्रभर न थांबणारं दुखणं. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून दिसतो, माझ्याकडे गेल्या काही वर्षांत तिघं असे आले की ज्यांना महिनोन्महिने कंबरेला शेक दिला जात होता. पूर्वी कॅन्सर झाला असेल किंवा बरेच दिवस स्टेरॉइड चालू असतील तरी आधी डॉक्टरच.

यातलं काही नाही असं धरून पुढे सांगते.

एमआरआयच्या कागदाची तुम्ही फार धास्ती घेतलीय. तुम्हीच नाही, सगळेच घेतात. ‘गॅप पडलाय’, ‘गादी सरकली’ हे शब्दच असे आहेत की माणसाला वाटतं आत विटा निसटल्यात आणि जोरात शिंकलो तरी ढासळेल. गादी सरकत नाही हो, ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. तिचा बाहेरचा चिवट थर एका जागी फुगतो किंवा चिरतो, आतला मऊ गर तिकडे दाबला जातो आणि शेजारून जाणारी नस चिडते. आता गंमत बघा. २०१५ साली ३ हजारांवर लोकांचे स्कॅन एकत्र तपासलेला एक अभ्यास आला, आणि हे सगळे कंबर दुखत नसलेले लोक होते. त्यात चाळिशीतल्या निम्म्या आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या गादीला फुगवटा होता! म्हणजे तुमच्या बँकेतल्या तुमच्या वयाच्या सगळ्यांना त्या मशीनमध्ये घातलं तर निम्म्यांचे रिपोर्ट तुमच्यासारखेच येतील. केस पांढरे होतात तसंच ते. तुमची कळ खोटी आहे असं मी म्हणत नाहीये, नस चिडलीय हे खरंच, फक्त रिपोर्टमधला प्रत्येक शब्द म्हणजे आजार नाही.

आणि हा फुगवटा कायमचाही नसतो. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू खाऊन टाकतं, त्यात जो मोठा दिसतो, तुटून बाहेर आलेला, तो विरघळायची शक्यता उलट जास्त असते. पायातली कळ बहुतेकांची दीड ते तीन महिन्यांत बरीच उतरते, तुमची निम्मी उतरलीच आहे. त्या पायाळू माणसाच्या लाथेनं नाही उतरली, आईंना वाईट वाटू नये म्हणून हे त्यांना सांगू नका. साधी उसण चार-सहा दिवसांत आपोआप उतरते, त्यामुळे लाथेला श्रेय मिळत आलंय पिढ्यान् पिढ्या. पण पायात कळ असताना कमरेत लाथ, हे परत नको.

सहा आठवडे पडून राहिलात ते मात्र जास्त झालं. दोष तुमचा नाही, कुणीतरी सांगितलं आणि तुम्ही पाळलंत. पण १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या महापालिका कर्मचाऱ्यांवर साधा प्रयोग झाला होता, नुकती कंबर धरलेल्यांचे तीन गट, एकाला दोन दिवस सक्तीची विश्रांती, एकाला व्यायाम, आणि एकाला सांगितलं की झेपेल तेवढी रोजची कामं करत राहा. सर्वात लवकर बरा झाला तो तिसरा गट, विश्रांतीवाला सगळ्यात मागे. आणि ती फक्त दोन दिवसांची विश्रांती! पट्ट्याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन काढलं त्यात पट्टे आणि ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून कंबर ताणणं, दोन्ही नेहमीसाठी नको म्हटलंय. ते पायात उतरणाऱ्या दुखण्याला तंतोतंत लागू नाही, पण माझा अनुभव तोच आहे, आमच्या क्लिनिकमधलं ट्रॅक्शनचं मशीन आता बहुतेक वेळ चादरीखाली असतं. एसटीनं लांब जायचं असेल तर पट्टा लावा, उतरलं की काढा. दिवसभर लावायची सवय मात्र हळूहळू सोडवायची, रोज तासभर कमी करत.

आता मुद्द्याचं बोलते, आणि हे मी स्वतः भोगलेलं आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी वॉशिंग मशीनमधून ओली डबल बेडची चादर ओढताना माझी कंबर गेली. लोकांना शिकवणारी बाई, आणि तीन दिवस बाथरूमपर्यंत भिंत धरून जात होते, रडत. आठवड्यात दुखणं उतरलं पण भीती नाही उतरली, पुढचे आठ महिने मी पाण्याची बादली उचलली नाही, कामवाल्या मावशींना हाक मारायचे. आणि मग एखाद्या दिवशी अजिबात दुखत नसलं की सगळं घर एकदम आवरायला काढायचे, की परत तीन दिवस आडवी. चाळिशी-पन्नाशीतल्या जवळजवळ प्रत्येक पेशंटचं हेच चक्र असतं. विशीत चालून जायचं हे, कारण स्नायू भरून यायला दोन रात्री पुरायच्या. आता चांगल्या दिवशी केलेल्या उधळपट्टीची वसुली पुढचे चार दिवस होते, आणि आपण म्हणतो बघा, हालचाल केली म्हणून दुखलं. हालचालीनं नाही, डोस चुकल्यानं दुखलं. म्हणून माझा एकच नियम, चांगल्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त करायचं नाही आणि वाईट दिवशी शून्य करायचं नाही. पहिला अर्धा भाग पाळणं जास्त अवघड असतं, वारकऱ्यांना तर फारच.

तुम्हाला १०-१२ मिनिटांनी पोटरी ओढते ना, मग ८ मिनिटं चाला, ओढायच्या आत थांबा, पण दिवसातून तीन वेळा. सपाट रस्ता, प्रीतिसंगमाच्या घाटाकडे जाता तसं. दर आठवड्याला प्रत्येक फेरीत २ मिनिटं वाढवा. फारच हळू वाटेल, वाटू दे. आता संक्रांत झालीय, या गतीनं एप्रिल उजाडता एका दमात अर्धा तास होईल, तेव्हा तीन फेऱ्यांच्या दोन करा आणि रविवारची एक लांब चाल सुरू करा, ४ किलोमीटर, मग ६, मग ८, आणि दर तिसऱ्या-चौथ्या रविवारी वाढवायचं नाही, कमीच करायचं. मेअखेर १५ च्या आसपास आलात आणि जूनच्या सुरुवातीला लागोपाठ दोन दिवस १५-१८ झेपलं, तर माझ्याकडून हिरवा कंदील. दिवे घाटासाठी चढाची सवय पाहिजे, त्याला आगाशिवच्या पायऱ्या आहेतच तुमच्या दारात, पण त्या मे महिन्यात, आत्ता नको. चढापेक्षा उतार मांड्यांना आणि कंबरेला जास्त लागतो, खाली येताना घाई करू नका. चालण्याचं औषध म्हणून महत्त्व नुसतं माझं मत नाही, २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरचा अभ्यास आला, कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले लोक, त्यांना टप्प्याटप्प्यानं आठवड्यात पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं. ज्यांना चालवलं त्यांचं दुखणं परत यायला साधारण २०८ दिवस लागले, बाकीच्यांचं ११२ दिवसांतच आलं.

चालताना किती दुखणं चालेल असा प्रश्न येणारच. दहापैकी तीनपर्यंत चालेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाइतकंच किंवा कमी असलं पाहिजे. पण आकड्यापेक्षा दुखणं कुठे आहे ते बघा. पोटरीतलं मांडीत आलं, मांडीतलं ढुंगणात आलं आणि कंबर थोडी जास्त दुखायला लागली तर घाबरू नका, ते चांगलं लक्षण, नस मोकळी होतेय. उलट कंबर मस्त पण पोटरीतलं घोट्याकडे उतरलं, तर ते काम तिथेच थांबवायचं.

ही गोष्ट लक्षात आली ती अपघातानं. १९५६ साली न्यूझीलंडला वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाचे फिजिओ होते, त्यांचा एक पेशंट, तीन आठवडे काही फरक नव्हता. त्याला सांगितलं आत जाऊन पालथे पडा, आणि त्या टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच वर केलेली राहिली होती. तो बिचारा तसाच, कंबर मागे वाकलेल्या अवस्थेत पडून राहिला. मॅकेन्झी आले, बघून हादरले, आणि पेशंट म्हणतो की पायातलं दुखणं गेलं, कितीतरी दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. तुम्ही पालथे झोपून बघा, दोन मिनिटं नुसतं, मग कोपरांवर टेकून, मग तळहातांवर रेटून छाती वर, कंबर सैल. भुजंगासनासारखंच, फक्त जोर पाठीचा नाही, हातांचा. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा, आणि बँकेत उभं राहून हात कंबरेवर ठेवून मागे वाकणं. पायातली कळ वर सरकली तर हे तुमचं औषध, खाली उतरली तर सोडून द्या. साठीपुढच्या ज्यांना चालताना पाय भरून येतात आणि बसलं की किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं, त्यांनी हे करू नये, त्यांचं दुखणं वेगळं असतं.

सकाळचा पहिला तास जपा. रात्रभर आडवं असताना गादी पाणी शोषून फुगते, म्हणून सकाळी आपली उंची सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त भरते, आणि तेव्हाच वाकणं तिला सर्वात जड जातं. १९९८ मध्ये अमेरिकेत नुसतं हे करून पाहिलं होतं, सकाळी उठल्या उठल्या वाकायचं टाळा, बाकी काही नाही, तरी जुनाट दुखणं कमी झालं. म्हणून पहाटे उठल्याबरोबर सूर्यनमस्कार नको, त्यातलं पहिलंच पुढे वाकणं नडतं. तासाभरानं घाला, आणि सध्या गुडघे वाकवून. खाली वाकून तोंड धुणं, बुटाच्या लेस, देवपूजेला ओणवं होणं, सगळं थोडं उशिरा किंवा बसून. चालायलाही उठून लगेच पळू नका, चहा घ्या, आवरा, मग निघा. उन्हाळ्यात मात्र आठच्या आत घरी, त्यामुळे उठणं लवकर.

‘आयुष्यभर वाकायचं नाही’ हे कुणी सांगितलं त्यांना नमस्कार सांगा. न वाकता कोण जगतं? वारीत मुक्कामाला तंबूत शिरताना वाकाल, हातपंपावर वाकाल, उकिडवं बसाल. वाकण्याचा सरावच करायचा, पण कंबरेतून नाही तर खुब्यातून. कपाटाकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहा, गुडघे किंचित सैल, आणि बुडानं कपाटाचं दार बंद करताय असं मागे ढकला, पाठ सरळच राहते बघा. आधी रिकाम्या हातानं आठवडाभर, मग ५ किलो तांदळाची पिशवी, मग अर्धी बादली, मग भरलेली. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो, गॅसच १४.२ किलो असतो, तो सध्या मुलाला उचलू द्या, दिवाळीपर्यंत तुम्हीच उचलाल. सोबत तीन व्यायाम पुरेत. एक सेतुबंध, उताणं पडून गुडघे वाकवून बूड वर. दुसरा, हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट, पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवलाय आणि तो सांडता कामा नये. तिसरा, कुशीवर कोपर आणि गुडघे टेकवून कंबर उचलायची. प्रत्येकी दहा सेकंद धरून, पाच-सहा वेळा, एक दिवसाआड. यूट्यूबवर बघून चाळीस व्यायाम करू नका, चाळीस करणारे तिसऱ्या आठवड्यात शून्यावर येतात हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

बँकेत दर अर्ध्या तासानं उठा, काउंटरला रांग असली तरी, दोन मिनिटं उभं राहून सही-शिक्के करा, कोण काय म्हणणार आहे. टू-व्हीलर फेब्रुवारीत सुरू करा, आधी गावातल्या गावात, मागच्या टायरची हवा बघून, आणि खड्डा दिसला की बूड सीटवरून किंचित उचलून. शुगर बॉर्डरवर म्हणालात म्हणून सांगते, दोन्ही तळपायांना सारख्याच मुंग्या येत असतील तर ते बहुतेक कमरेतून नाही, बी१२ आणि शुगर तपासून घ्या. माळकरी म्हणजे शाकाहारी, बी१२ कमी निघणं अगदी कॉमन आहे. दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनानं महिनोन्महिने खाऊ नका, किडनी आणि पोट दोन्ही बिघडतं. आणि मिसरी-तंबाखू असेल तर, आहे की नाही लिहिलं नाहीत, पण ती गादीचा रक्तपुरवठा आधीच जो तुटपुंजा असतो तो आणखी मारते.

आता वारीचं. सामान दिंडीच्या ट्रकमध्येच टाका, खांद्यावर फक्त पाणी आणि रेनकोट, आणि दोन्ही खांद्यांची सॅक, एका खांद्यावरची शबनम नको. पुणे ते सासवड तीसेक किलोमीटर आणि वर दिवे घाट, हा टप्पा सगळ्यात कठीण, तो यंदा अर्धा गाडीनं केला तर माउली काही रागावणार नाही. मी तर म्हणते यंदा आळंदीऐवजी लोणंदहून सुरू करा. नीरा ओलांडून पालखी तुमच्याच जिल्ह्यात येते, लोणंद ते तरडगाव टप्पा छोटा, वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, अंगात चालणं भिनतं आणि मग फलटणपासून लांब टप्पे येतात. टाळ वाजवा, काही हरकत नाही, हात खाली सैल सोडून चालण्यापेक्षा ते बरंच. पावली मात्र यंदा नुसती बघायची, वाकून उडी आणि लगेच परत वर, तीही भजनाच्या लयीत शंभर वेळा, हे तुमच्या गादीला अजून वर्षभर नको. फुगडीचं विचारूसुद्धा नका. आमच्या ओळखीतल्या एक काकू डोक्यावर तुळस घेऊन चालतात, त्यांची कंबर माझ्यापेक्षा ताठ आहे, सरळ डोक्यावरचं वजन कंबरेला तितकं जड नसतं, पण ती पंचवीस वर्षांची सवय आहे, हौस म्हणून मधेच घ्यायची नाही.

मधे एखादा फटका बसेल, धरून चला. मार्चमध्ये किंवा मेमध्ये कधीतरी शिंकताना, काहीतरी फालतू करताना परत चमक भरेल, बहुतेकांना भरते. तेव्हा सगळं संपलं असं समजून फळीवर जाऊन पडू नका. एक दिवस आराम, शेक, पालथं पडणं, आणि दुसऱ्या दिवशी परत ५ मिनिटं चाल, तिथून वर. दोन आठवडे मागे जाल, सुरुवातीला नाही जाणार. ज्यांच्या पायातली कळ तीन महिन्यांनंतरही तेवढीच जोरात राहते त्यांना इंजेक्शन किंवा ऑपरेशनचा विचार करावा लागतो, त्यात कमीपणा काही नाही, पण तुमची उतरतेय म्हणजे तुम्ही त्या वाटेला नाही आहात.

आणि फळी. ती आजच माळ्यावर टाका. स्पेनमध्ये २००३ साली ३१३ जणांना कडक आणि मध्यम कडक गाद्या वाटून तीन महिने झोपवलं होतं, मध्यम कडकवाल्यांचं दुखणं जास्त उतरलं. साधी कापसाची, दोन वर्षांत पिंजून घेतलेली गादी पुरे, कुशीवर झोपलात तर दोन गुडघ्यांमध्ये उशी. जमिनीवर झोपायची सवय जूनमध्ये करा, शेवटचे दहा-बारा दिवस, सतरंजीवर दुहेरी घोंगडी टाकून, आणि उठताना आधी कुशीवर वळून मग हातावर रेटून उठायचं. मार्चअखेर किती मिनिटांवर आलात ते कळवा.